तीन नंबर

साहेब म्हणाले, बसा लोटनराव.
बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो,
ग्रीसचा डाग पडू नये म्हणून
अर्ध्या बुडानं.

बाहेर जळगावचा मे, शेहेचाळीसचा पारा.
आत माझा घाम गार होत गेला
आणि साहेब कौतुक करत राहिले:
तुम्ही नसाल तर तीन नंबर बंद,
तीन नंबर बंद तर दोरा नाही,
दोरा नाही तर चटई नाही.
मग हातातला कागद पालथा ठेवून म्हणाले,
प्रॉडक्शन मॅनेजर आपण नाशिकहून आणतोय.

मी का म्हणून विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.
तुम्हाला वर घेतलं तर खाली कोण?

खरंय.
तीन नंबर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.
पॅनेल दोनशे दहा दाखवतं तेव्हा आत दोनशे पंचवीस असतं,
हे मला गिअरबॉक्सच्या कण्हण्यावरून कळतं.
लाल रंग लवकर करपतो, हिरवा दम धरतो,
आणि डायचा डावीकडून चौथा बोल्ट
कधीच पुरता आवळायचा नाही.
हे कुठंच लिहिलेलं नाही.
मी लिहू दिलं नाही.

मंदीच्या साली सोळा जण काढले, मी राहिलो.
का राहिलो ते ठाऊक होतं.
तेव्हापासून हेल्पर जवळ आला
की पाना फिरवताना पाठ आडवी घातली.
वाटलं, ही आपली तिजोरी.
परवा कळलं, आपण तिच्या आत होतो.

इंटरव्ह्यू झाला होता तसा, नावापुरता.
पुण्याच्या बाईंनी विचारलं, टीममध्ये मतभेद झाले तर?
म्हटलं, चहा पाजतो.
रात्रपाळी असली तर शेवभाजी मागवतो.
हसल्या. चांगल्या होत्या.
तेच पुन्हा इंग्रजीत विचारलं तेव्हा
माझी जीभ थंड बॅरलमधल्या प्लास्टिकसारखी
जागच्या जागी गच्च.

घरी रत्ना म्हणाली, जाऊ द्या ना,
तुमाले कोनावर खेकसता तरी येतं का?
समजूत घालायला म्हणाली.
कळण्याची भाकर घशात फिरत राहिली.

नवा मॅनेजर आला. ऋत्विज. वय एकतीस.
पहिल्याच दिवशी वही घेऊन उभा:
सर, हे मशीन समजावून सांगा ना.
दोन आठवडे मी
मशीनच्या आवाजाआड बहिरा झालो.

मग चोपड्याला साडूच्या पोरीची हळद,
आणि रात्री साडेदहाला फोन. तीन नंबर अडलं.
ऋत्विज घाबरलेला. शेजारी सायरा तडवी,
यावलची, आयटीआयची ट्रेनी,
आठ महिने माझ्यामागं झाडू घेऊन फिरणारी.
म्हटलं, फोन गिअरबॉक्सला लाव.
लावला. इकडं डीजे, तिकडं नुसती खरखर.
म्हटलं, मग तूच ऐक, काय म्हणतंय?

ती म्हणाली, काका, दोनशे पंचवीसचं कण्हतंय.
पॅनेलवर दहाच आहे.
चौथा बोल्ट ढिला केलाय मी.

मांडवात मी उभाच्या उभा, गालाला ओली हळद.
आधी राग आला.
पाठ घालून घालून एवढी रुंद केली,
पण आवाजाला काय आडवं घालणार?

सोमवारी दोनशे पानी वही घेतली.
पहिल्या पानावर तारीख. खाली, झोन एक.
मग अडलो. कण्हणं लिहायचं कसं?
सायराला हाक मारली.
तिनं लिहिलं: आजारी म्हैस, पहाटेची.
बरोबर होतं.

काल साहेबांकडं मीच गेलो.
या खेपेला पूर्ण बसलो, पाठ टेकवून.
म्हटलं, खाली आहे आता कोणीतरी.
ते वही चाळत म्हणाले, अरे वा.
म्हणाले, बघू, मार्चनंतर.

उठलो.
खुर्चीवर डाग पडला असेल.
वळून पाहिलं नाही.